‘त्यापेक्षा विकत घे ना!’

गेल्या सोमवारी मी ऑफिसला एक निळा स्कर्ट घालून गेले. सुती, भरपूर घेराचा, गुडघ्यापर्यंत येणारा, आणि दोन्ही बाजूंना खिसे. कँटीनच्या रांगेत टीममधल्या एकीने विचारलं, "मस्त आहे गं, कुठून घेतलास?" मी (जरा जास्तच ऐटीत) म्हटलं, "मी शिवलाय." त्यावर दोन-तीन सेकंद शांतता. मग एकेकाचे अभिप्राय सुरू झाले.

"बापरे, एवढा वेळ मिळतो तुला?"

"किती तास लागले? आता तुझ्या तासाच्या रेटने गुण बघू. डिझायनर स्कर्ट निघेल तो!"

"त्यापेक्षा विकत घे ना! सेलमध्ये पाचशेच्या आत मिळतो असला."

मी हसून सोडून दिलं, कारण हातातले पोहे थंड होत होते. पण ते तिसरं वाक्य आठवडाभर डोक्यात घुमत राहिलं. आज शनिवार आहे, चहाचा दुसरा कप शेजारी आहे, आणि आता मला सविस्तर भांडायचं आहे. :-)

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे कुणी मध्येच पकडायला नको. स्वतःचा स्कर्ट स्वतः शिवणं स्वस्त पडत नाही. ‘घरी शिवा, पैसे वाचवा’ हे आपल्या आज्यांच्या काळात खरं असेल, आज नाही. माझा हिशोब असा: १८० रुपये मीटरचं सुती कापड तीन मीटर, म्हणजे ५४० रुपये. चेन १५, दोऱ्याचं रीळ २०, पट्ट्याच्या आत घालायचं बकरम २०. झाले ५९५. म्हणजे एक टाकासुद्धा घालायच्या आधी मी सेलमधल्या स्कर्टला मागे टाकलेलं असतं. वर वेळ. पहिल्या स्कर्टला अकरा तास लागले, त्यातले तीन तर घातलेल्या टिपा उसवण्यात गेले. आता पाचव्या स्कर्टला चार तास लागतात. तेव्हा पैशाच्या मुद्द्यावर मी हरले, मान्य. पण भांडण पैशाचं नाहीच आहे. भांडण त्या हिशोबाच्या पद्धतीशी आहे.

‘तासाचा रेट’ म्हणजे काय? क्लायंट माझ्या कंपनीला माझ्या एका तासाचे जे पैसे देतो ते (त्यातले माझ्यापर्यंत किती पोचतात हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी रडेन). पण शनिवारी दुपारी तीन वाजता माझ्या तासाला कुणीही गिऱ्हाईक नसतं. तो तास मी विकत नाहीये, तो माझा आहे. हेच सहकारी शनिवारी सहा तास सलग वेबसिरीज बघतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की ही सिरीज तुला केवढ्याला पडली. पावसाळ्यात पहाटे चारला उठून राजगडावर जातात, गुडघे सोलून परत येतात, त्यांना कुणी सांगत नाही की त्यापेक्षा फोटो विकत घे ना. बाईक उघडून स्वतः कार्ब्युरेटर साफ करणारा मुलगा ‘पॅशनेट’ असतो. घरी केक करणारीचंसुद्धा कौतुक होतं. मग शिवणकाम केलं की लगेच कॅल्क्युलेटर का बाहेर येतो?

माझं उत्तर असं आहे: कारण शिवणं हे काम कुणीतरी दुसऱ्याने, स्वस्तात, आपल्या नजरेआड करायचं असतं असं आपण गृहीत धरलेलं आहे. माझा तास मोजणाऱ्याच्या हिशोबात त्या दुसऱ्या बाईचा तास शून्य असतो. तो पाचशेच्या आतला स्कर्ट घ्या आणि त्यातून एकेक वजा करत चला. कापड, दोरा, चेन, पॅकिंग, ट्रक, दुकानाचं भाडं, जाहिरात, मधल्या सगळ्यांचा नफा, तुम्हाला मिळालेली सूट. शेवटी शिलाईला काय उरलं ते बघा. जे उरतं त्याला चिल्लर म्हणतात.

इथे आपल्यासारखे लोक हमखास म्हणतात, "अगं, पण ते सगळं मशीनवर होतं ना!" मीही हेच समजत होते. मशीन फक्त सुई वरखाली करतं, बाकी सगळं माणूस करतो. गाडीच्या कारखान्यात रोबो वेल्डिंग करू शकतो कारण पत्रा जागच्या जागी राहतो. कापड राहत नाही. ते घसरतं, ताणलं जातं, मुरडतं, एकावर एक ठेवलेले दोन थर वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकतात. ते दर इंचाला बोटांनी सांभाळावं लागतं. म्हणून आजही तुमच्या अंगावरचा जवळजवळ प्रत्येक शिवलेला कपडा कुणाच्या तरी हाताखालून गेलेला आहे. कारखान्यात प्रत्येक कपड्याची मिनिटं ठरलेली असतात, त्याला एसएएम म्हणतात. खिशाला इतकी मिनिटं, चेनला इतकी, आणि त्यावरून लाइनने तासाला किती नग काढायचे ते ठरतं. आपण स्प्रिंटमध्ये स्टोरी पॉइंटवरून एवढी बोंबाबोंब करतो. तिथे बाईला पाण्याला उठायचं तरी डोक्यात गणित करावं लागतं.

गंमत म्हणजे, आता कुणी म्हणालं की "कोड काय, एआय लिहितो, तुम्ही काय करता?" तर आपल्याला केवढं झोंबतं! रिक्वायरमेंट समजून घेणं, रात्री दोनला प्रॉडक्शनचा बग शोधणं, हे कुणाला दिसतच नाही असं वाटतं. बरोबर वाटतं. पण मग ‘मशीनवर तर होतं’ हे वाक्य आपण शिवणाऱ्या बायकांना इतकी वर्षं ऐकवतोय त्याचं काय?

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. ११०० हून जास्त माणसं मेली. बँकेतल्या माणसाचा एक दिवस वाया जाऊ शकतो आणि शिवणारीचा जाऊ शकत नाही, हा तोच हिशोब आहे, फक्त सिमेंटमध्ये ओतलेला. आणि तो कपडा विकत घेणारे लोक वाईट नव्हते. तुमच्या-माझ्यासारखेच होते. त्यांना फक्त शिवायला किती वेळ लागतो हे माहीत नव्हतं.

मला माहीत झालं ते स्वतः शिवल्यावर. आणि तेही आधी तोंडावर आपटल्यावर.

माझा पहिला स्कर्ट पूर्ण घेराचा, म्हणजे छत्रीसारखा गोल. म्हटलं, यात काय कठीण आहे, वर्तुळ तर आहे. कंबर ७२ सेंटिमीटर. परीघ म्हणजे दोन पाय आर, म्हणजे त्रिज्या साडेअकरा. लांबी ६०, खाली मुडपायला दीड. एक्सेल शीट केली (हो, केली). ४४ इंची पन्ह्याच्या कापडात पूर्ण वर्तुळ बसत नाही, म्हणून पुढचा भाग अर्धा आणि मागचे दोन पाव, मागच्या शिवणीत चेन. रविवार पेठेतून कापड आणलं, आटू नये म्हणून रात्रभर भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली, खडूने आखलं, कापलं. सगळं कसं शीटप्रमाणे. शिवून झाल्यावर घातला आणि तो सरळ खाली उतरला. कंबर साडेनऊ सेंटिमीटरने मोठी!

मी तासभर शीट तपासत होते. आई भाजी निवडत होती, ती मानसुद्धा वर न करता म्हणाली, "कमरेला माया धरलीस का?"

माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. बाजूच्या शिवणींना माया सोडायचं माझ्या लक्षात होतं, पण मधल्या गोलाला विसरले होते. कापलं साडेअकरावर, टीप पडली त्याच्या दीड सेंटिमीटर खाली, म्हणजे तेरावर. आणि गोल असल्यामुळे त्या दीड सेंटिमीटरला दोन पायने गुणलं गेलं. अकरा तासांच्या कामात एका ओळीचा बग. कापायला हवं होतं दहावर.

मग मी आईला विचारलं, तू कसं काढतेस? तिची रीत: कमरेचा सहावा भाग घ्यायचा आणि पाऊण इंच कमी करायचा. अठ्ठावीस इंचाला सहाने भागा, पाऊण इंच वजा करा, सेंटिमीटरमध्ये आणा. बरोब्बर दहा. म्हणजे पायची किंमत तीन धरायची, आणि त्यात पडणारा फरक आणि माया दोन्ही एकाच वजाबाकीत उरकायचं! आई बारावी कॉमर्स आहे. मी इंजिनिअर आहे. असो.

अशा किती गोष्टी सांगू? गोल कापलेल्या स्कर्टचा काही भाग उभ्या धाग्यावर येतो आणि काही उरेब. उरेब भाग स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून शिवल्या शिवल्या खालची मुडप घालायची नसते; स्कर्ट एक दिवस टांगून ठेवायचा, मग जमिनीपासून उंची मोजून खालची कड सारखी कापायची, आणि मग साडेचार मीटर घेराला मुडप घालायची. साडेचार मीटर! शाळेत मुली घालतात तो गोल फ्रॉक दोन धुण्यांनंतर खाली वाकडातिकडा का दिसतो, ते मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. कुणीतरी तो एक दिवस वाचवलेला असतो.

किंवा आपला साधा साडीच्या आतला सहा कळ्यांचा परकर घ्या. आपल्या बायकांचा हा खरा स्वदेशी स्कर्ट, आणि टेलरिंग शिकताना अगदी सुरुवातीला जे शिकवतात त्यातला. कळी वर अरुंद, खाली रुंद. बेतताना एक कळी सरळ, तिच्या शेजारची उलटी, असं लावत गेलं की चिंधीसुद्धा वाया जात नाही. आपल्याकडे हे कॉलेजात शिकवतात, अवघड प्रश्न म्हणून, कमी जागेत जास्त आकार कसे बसवायचे ते. गल्लीतल्या काकू ते खडूने दोन मिनिटांत करतात, आणि त्यांना कुणी अल्गोरिदम लिहिणारी म्हणत नाही. मराठीत कापड कापण्याआधीच्या या आखणीला ‘बेतणे’ म्हणतात. बेत करणे यातलाच बेत. आपण त्याला डिझाइन फेज म्हणून पगार घेतो.

यावरून आठवलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आपण सगळ्यांनी वर्कशॉप केलं. खाकी एप्रन घालून लोखंडाचा तुकडा कानशीने घासत बसलो, एकात एक बसणारे दोन तुकडे करायचे म्हणून. कारपेंटरीत लाकडाचा एक जोड केला, जो आयुष्यात पुन्हा कशालाही जोडला नाही. मी कॉम्प्युटरची, तरीही केलं, कारण इंजिनिअरला ‘हाताने वस्तू बनवता आली पाहिजे’. उत्तम. मग त्या वर्कशॉपमध्ये शिलाई मशीन का नव्हतं? त्यात दट्ट्या आहेत, कॅम आहेत, वरचा आणि खालचा दोरा नेमक्या क्षणी एकमेकांत अडकवणारं टायमिंग आहे. एलियस हौने १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं, सिंगरने १८५१ मध्ये स्वतःच्या मशीनचं. मग मशीनवाल्या कंपन्यांची एकमेकांवर इतकी कोर्टबाजी झाली की १८५६ मध्ये त्यांनी आपली पेटंटं एकत्र टाकून सामाईक धंदा मांडला. आज मोबाइल कंपन्या जे करतात ते तेव्हाच झालेलं. सिंगरने हप्त्यावर विक्री सुरू केली, म्हणजे आपल्या ईएमआयचा हा पणजोबा. एवढं सगळं इंजिनिअरिंग असून ते वर्कशॉपमध्ये नाही, कारण ते बायकांच्या खोलीत आहे. कानस म्हणजे इंजिनिअरिंग आणि सुई म्हणजे कार्यानुभवाचा तास, असं कुणीतरी ठरवलं आणि आपण ते मुकाट्याने मान्य केलं.

आता ‘विकत घे’ याचा दुसरा भाग. विकत घेतलेला मला होतो का? एका दुकानात मी मीडियम, दुसऱ्यात लार्ज, तिसऱ्यात कंबर बसते तर नितंबांवर अडकतं आणि नितंबांवर बसतं तर कंबरेत मूठ जाते. ट्रायल रूममधल्या त्या पांढऱ्या उजेडात आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी स्वतःच्या शरीराला दोष दिला आहे. दोष मापाच्या तक्त्याचा आहे! भारतीय शरीरांचा स्वतःचा तक्ता हवा म्हणून निफ्टने २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर केला. म्हणजे तोवर आपण परदेशी तक्त्यांवर बेतलेल्या कपड्यांत स्वतःला कोंबत होतो आणि वर डाएट करत होतो. मोजपट्टी हातात घेऊन स्वतःची कंबर लिहून काढली की हे भूत उतरतं. ७२ हा फक्त एक आकडा असतो, त्याला एम नाही, एल नाही, लाज नाही.

आणि खिसे! २०१८ मध्ये ‘द पुडिंग’ने वीस ब्रँडच्या जीन्सचे खिसे मोजले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल निघाले. स्कर्टला तर बहुतेक वेळा खिसाच नसतो, आणि असला तर नुसती खोटी टीप. मी माझ्या स्कर्टला खिसे लावले त्याला उरलेल्या कापडाचे चार तुकडे आणि पाऊण तास लागला. फोन, आयकार्ड, किल्ल्या, सगळं मावतं. हे ज्यांना ‘परवडत नाही’ त्यांना मला नेमकं काय परवडत नाही ते विचारायचं आहे.

"मग टेलरकडे दे की!" हा एक समजूतदार मुद्दा. द्या ना, जरूर द्या. मी ब्लाउज अजूनही टेलरकाकांकडेच देते, बाही लावणं मला सात जन्म जमणार नाही. पण एक स्कर्ट स्वतः शिवलेला माणूस टेलरकडे वेगळ्या पद्धतीने जातो. मी पूर्वी ब्लाउजच्या शिलाईवरून घासाघीस करायचे, पन्नास रुपये कमी करा म्हणून. मॉलमध्ये कॉफी पिऊन आलेली असायचे आणि पन्नास रुपयांसाठी काउंटरवर उभी राहायचे. आता नाही करत. आता मी ब्लाउज उलटा करून आतली शिवण बघते, ती सरळ असली तर मोठ्याने म्हणते की छान आलीय. काका आधी संशयाने बघायचे. हल्ली खुर्ची देतात.

राहता राहिला खरा विरोध. तो कँटीनमधून आला नाही, घरातून आला.

माझ्या लहानपणी चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत उषाचं काळं पायाचं मशीन होतं. आई बिल्डिंगमधल्या बायकांचे परकर शिवायची, साड्यांना फॉल-बीडिंग करायची. मी सहावीत होते तेव्हा परकराची शिलाई तीस रुपये. कापड गिऱ्हाइकाचं, दोरा आईचा. तिला एका परकराला पाऊण तास लागायचा. मी मशीनला हात लावला की ती हात बाजूला करायची. "तू अभ्यास कर. तुला हे करावं लागू नये म्हणून मी करतेय." माझ्या अकरावी-बारावीच्या क्लासची फी त्या मशीनवरून आली. आणि अ‍ॅडमिशनच्या प्रत्येक फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं: गृहिणी. एकदाही पेन अडखळलं नाही.

त्यामुळे मी बोनसच्या पैशातून इलेक्ट्रिक मशीन घरी आणलं तेव्हा आई दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढं शिकवलं ते परत इथेच यायला?"

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि जे लोक शिवणकामावर गुलाबी पोस्ट टाकतात (‘स्लो लिव्हिंग’, शेजारी मेणबत्ती) त्यांच्याकडेही नसतं. गांधीजी यंत्रांवर टीका करायचे, पण १९२४ मध्ये त्यांनी शिलाई मशीनचा अपवाद केला होता. त्यांच्या मते सिंगरने बायकोचे कष्ट बघून, तिच्यावरच्या प्रेमापोटी ते बनवलं. (प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे एकाहून जास्त संसार होते, तेव्हा नेमकी कुठली बायको हा प्रश्नच आहे!) प्रेमाची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण आईच्या पाठदुखीला तिचा उपयोग नाही. तिला शिवावं लागत होतं. मला शिवता येतं. या दोन वाक्यांत पूर्ण एक पिढीचं अंतर आहे, आणि ते अंतर तिने कापलंय, मी नाही. हे विसरून शिवणकामाचे गोडवे गाणारा माणूस खोटारडा आहे.

पण म्हणूनच आईचं उत्तरही मला पुरतं पटत नाही. तिच्या पिढीने ठरवलं की हे काम हलकं आहे, आपल्या मुलींना यातून बाहेर काढायचं. काढलं. आणि बाहेर पडलेल्या आम्ही ते काम दुसऱ्या कुणाच्या तरी आईकडे ढकललं, आणखी लांब, आणखी स्वस्तात. काम हलकं नव्हतंच. त्याचे पैसे हलके होते. या दोन गोष्टींची गल्लत आपण सगळ्यांनी केली, आणि ‘त्यापेक्षा विकत घे ना’ हे त्या गल्लतीचं आजचं रूप आहे.

तेव्हा माझी मागणी अगदी छोटी आहे. सगळे कपडे घरी शिवा असं मी म्हणत नाही. रेडीमेड घेऊ नका असंही नाही, मीही घेते. आयुष्यात एक, फक्त एक कपडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः शिवा. मुलींनी स्कर्ट शिवा. मुलांनो, तुम्ही स्कर्ट घालत नसाल तर पायजमा शिवा, तोही जमत नसेल तर उशीचा अभ्रा शिवा, त्यात तर सगळ्या टिपा सरळ आहेत. मशीन नसेल तर शेजारी विचारा, कुणाच्या तरी घरात चादरीखाली झाकलेलं एक असतंच. घड्याळ लावा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. मग सेलमध्ये ४९९ ची चिठ्ठी बघा. ती पूर्वीसारखी दिसणार नाही. तरीही घ्यायचा तर घ्या, पण निदान ‘मशीनवर होतं’ असं म्हणू नका. आणि घरी कुणी शिवत असेल तर पुढच्या फॉर्मवर व्यवसाय नीट लिहा.

लांबलं फार. शेवटचं सांगते आणि थांबते.

निळा स्कर्ट पूर्ण झाला त्या रात्री मी तो आईपुढे धरला. तिने पुढून बघितलाच नाही. सरळ उलटा केला, दिव्याखाली नेला आणि सगळा घेर बोटांतून फिरवला. मी श्वास रोखून उभी. अप्रेझलला एवढी धडधड होत नाही.

"खिसे बरे आलेत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मुडप दोन ठिकाणी मुरडलीय. उसव."

सोमवारी तसाच घालून गेले होते. आज उसवतेय. :-)